तंबोरा लावून मोझार्ट ऐकताना

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी, पेटीचा वर्ग संपल्यावर, सांगलीतल्या माझ्या घरी मी एक प्रयोग केला. मिरजेहून आणलेला तंबोरा पेटीच्या पांढरी एकमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य सी या स्वरात, लावला, जवारीचे दोरे सरकवून चारही तारा बोलत्या केल्या आणि तो एका विद्यार्थिनीच्या हाती दिला. मग मोझार्टचा सी मेजरमधला छोटा पियानो सोनाटा सुरू केला. मोझार्टच्या रचनांच्या कोखेल यांनी केलेल्या सूचीत त्याचा क्रमांक ५४५ आहे. अर्धे मिनिट होते न होते तोच तिने छेडणे थांबवले आणि विचारले, “बाई, सा कुठं गेला?”

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील युरोपीय संगीताबद्दल यापेक्षा नेमका प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. आपण सैलपणे त्या सगळ्याच संगीताला ‘वेस्टर्न क्लासिकल’ म्हणतो. अभ्यासक मात्र ‘क्लासिकल’ हे नाव साधारण १७५० ते १८२० एवढ्याच काळासाठी राखून ठेवतात. हायडन, मोझार्ट आणि बीथोव्हेन हे त्या काळाचे तीन मोठे रचनाकार, आणि तिघांचेही महत्त्वाचे काम व्हिएन्नाशी जोडलेले. आपल्या कानाला हे संगीत गोड वाटते, पण धून संपली की त्यात पुढे काय चालले आहे ते कळत नाही, असे अनेक गाणारी माणसे मला सांगतात. माझे म्हणणे असे आहे, की आपण धुनीकडे लक्ष देतो आणि षड्जाकडे, म्हणजे सा कडे, देत नाही. तो स्थिरच असणार, असे आपण जन्मापासून धरून चाललेलो असतो. या संगीतात नेमका तोच प्रवासाला निघतो.

या सोनाट्याची सुरुवात कोणत्याही पेटी शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी वाजवता येईल. उजव्या हातात ‘सा ग प’, मग खाली येऊन ‘नी सा रे सा’, आणि त्याला उत्तर म्हणून ‘ध प सां प म ग’. डाव्या हातात सुटे सुटे ‘सा प ग प, सा प ग प’ चालू असते. साथीच्या या पद्धतीला डोमेनिको अल्बर्टी या इटालियन संगीतकाराचे नाव मिळाले आहे. चार मात्रांचे एक असे चार खंड झाले, की पियानो सरळ तानांमध्ये शिरतो आणि बाराव्या खंडाशी येऊन पंचमावर थांबतो. तंबोऱ्याबरोबर ऐकताना इथे काहीच खटकत नाही, कारण पंचमावर न्यास करणे, म्हणजे विसावणे, आपल्याला परके नाही. त्यानंतर मात्र मोझार्ट षड्जावर परत येत नाही. ज्या पंचमावर तो उभा आहे, त्यालाच तो षड्ज मानतो आणि तिथून नवा मुखडा सुरू करतो. पेटीवर पाहिले तर या भागात काळी तीन लागू लागते, आणि ती आता तीव्र मध्यम राहिलेली नसून पांढरी पाचचा शुद्ध निषाद झालेली असते. तंबोऱ्याची पंचमाची तार तेवढी घरात असते. षड्जात लावलेल्या जोडीच्या तारा आणि खर्ज बिचारे अचानक मध्यम होऊन बसतात. माझी विद्यार्थिनी थांबली ती याच जागी.

आपल्याकडे षड्जचालन आहे. कसलेला गायक क्षणभर दुसऱ्याच स्वराला सा मानून वेगळ्या रागाची छाया दाखवतो आणि लगेच परततो, पण तेव्हा मागचा तंबोरा हलत नाही. तो चमत्कृतीचा क्षण असतो. हायडन आणि मोझार्ट यांच्याकडे मात्र सगळी रचनाच या स्थलांतरावर उभी आहे. पहिल्या भागात, म्हणजे मांडणीत, षड्ज घर सोडतो. मधल्या भागात तो कुठेच स्थिरावत नाही. शेवटच्या भागात तो परततो, आणि मांडणीत परक्या षड्जावर वाजलेले सारे आता मूळ षड्जावर वाजते. पुढच्या शतकातल्या शास्त्रकारांनी याला ‘सोनाटा फॉर्म’ असे नाव देऊन त्याचे नियम बांधले. ज्यांनी या रचना केल्या त्यांच्यासमोर ते नियम नव्हते. लक्षण लक्ष्याच्या मागून येते, म्हणजे आधी प्रत्यक्ष संगीत आणि मग त्याचे शास्त्र, हे आपल्या संगीतकारांना वेगळे सांगायला नको.

सोनाट्याच्या या ७३ खंडांच्या पहिल्या रचनेतले माझे आवडते स्थळ पुढेच आहे. मधला अस्वस्थ भाग तेरा खंडांत संपतो आणि ‘सा ग प’ पुन्हा ऐकू येते, पण ते पांढरी चारमधून येते. आता आपल्या तंबोऱ्याचा सा हा पियानोचा पंचम झालेला असतो. म्हणजे मांडणीत जो मध्यम झाला होता, तोच आता पंचम झाला. मुखडा परतला, घर नाही. मग पुन्हा त्या ताना येतात, या वेळी चार खंड अधिक लांबतात, आणि पियानो पुन्हा पांढरी पाचवर येऊन थांबतो. मांडणीत याच थांब्यावर पंचमाचा षड्ज झाला होता. या वेळी तो पंचमच राहतो, आणि दुसरा मुखडा तंबोऱ्याच्या षड्जावर उतरतो. थांबा तोच, वळण मात्र उलट. त्या क्षणी चारही तारा पियानोखाली पुन्हा भरून येतात, आणि ते सुख शब्दांत पुरेसे सांगता येत नाही.

मोझार्टने २६ जून १७८८ रोजी स्वतःच्या वहीत हा सोनाटा नोंदवला तो नवशिक्यांसाठी म्हणून. त्याच तारखेला त्या वहीत एकोणचाळिसाव्या सिम्फनीचीही, म्हणजे वाद्यवृंदासाठी केलेल्या मोठ्या रचनेचीही, नोंद आहे. पुढच्या दीड महिन्यात चाळिसावी आणि एकेचाळिसावी या त्याच्या शेवटच्या दोन सिम्फनींची भर पडली.

या प्रवासाची एक किंमत आहे, ती तंबोऱ्याशेजारी लगेच कळते. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार आजच्या पियानोच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. कोणत्याही पट्टीला षड्ज मानायचे तर प्रत्येक स्वराला थोडी तडजोड करावी लागते. आपण षड्ज स्थिर ठेवून श्रुती, म्हणजे स्वरांच्या सूक्ष्म जागा, जपल्या, त्यांनी श्रुती सोडून षड्ज मोकळा केला. यात श्रेष्ठ कोण ते ठरवण्याची मला गरज वाटत नाही.

षड्जाचे हे स्थलांतर ऐकू यायचे तर संगीताची वीण मोकळी हवी. त्याआधीच्या, बाखच्या पिढीत अनेक आवाज एकमेकांत गुंफलेले असत आणि खालचा आवाज सतत चालत राही. नंतरच्या पिढीने ती वीण सैल केली: वर एक धून, खाली हलकी साथ, प्रश्नोत्तरासारखी बेतलेली वाक्ये. त्यामुळे बदललेली एखादी काळी पट्टीही स्पष्ट जाणवते. मिन्युएट, रोंडो, संथ गतीतली मधली रचना हे प्रकारही याच काळात सिम्फनी आणि चार तंतुवाद्यांच्या चौकडीत नीट बसले, पण आज त्यांच्यात शिरत नाही.

हायडनबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे, कारण आमच्या संस्थानी मुलखातल्या माणसाला त्याची स्थिती चटकन समजते. याच सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले ते पटवर्धनांच्या राजाश्रयाने. हायडनही १७६१ पासून तीन दशके एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत होता, आणि पहिल्या करारानुसार त्याच्या रचनांवर धन्याचा हक्क होता. शहरापासून दूर, हाताशी रोजचा वाद्यवृंद. त्याला हवे ते करून पाहता आले. त्याचा एक धडा मी नेहमी ऐकवते. पुष्कळ वेळा तो नव्या षड्जावर नवा मुखडा आणतच नाही, पहिलाच पुन्हा आणतो. लंडनसाठी केलेल्या १०४ क्रमांकाच्या सिम्फनीच्या पहिल्या भागात पांढरी दोनवरचा मुखडा पांढरी सहावर तसाच येतो. धून तीच, बदलला तो फक्त सा. या शैलीचा जीव कुठे आहे, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

बीथोव्हेनने १८०३-०४ मध्ये केलेल्या ‘इरोइका’ सिम्फनीचा पहिलाच भाग ६९१ खंडांचा आहे. घर सोडल्यावर तो इतका दूर आणि इतका वेळ भटकतो, की परतण्याची तहान लागते. अखेर व्हायोलिने अगदी हळू आवाजात पंचम आणि मध्यम थरथरत धरून ठेवतात, षड्ज अजून यायचा असतो, आणि तेवढ्यात एक हॉर्न ‘सा ग सा’ म्हणत मंद्र पंचमावर उतरतो. पहिल्या तालमीत बीथोव्हेनचा शिष्य रीस याला वाटले, की हॉर्नवाला मोजण्यात चुकला. त्याने तसे बोलून दाखवले आणि गुरूचा रोष ओढवून घेतला.

गेल्या आठवड्यात हा भाग ऐकण्यासाठी आम्ही तंबोरा काळी दोनमध्ये लावला. या वेळी छेडायला मी बसले होते. मधल्या भटकंतीत विद्यार्थिनी डोळे मिटून, बोटे मांडीवर टेकवून निश्चल बसली होती. हॉर्न आला तशी ती दचकली आणि म्हणाली, “बाई, हा समेच्या आधीच आला!” पुढच्या दोन खंडांत सगळा वाद्यवृंद कडाडला, आणि मग चेलोंनी तो मुखडा तंबोऱ्याच्या षड्जावर उचलला.