तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेत न गेलेल्या आजीची आठवण कशी मोजता?

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन साठीच्या पुढच्या माणसांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घ्यायच्या, हे माझं काम. त्यामुळे एक प्रश्न पाठ सोडत नाही. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या माणसाची आठवण तुम्ही मोजता तरी कशी? शिकलेले पाहुणे विचारतात, गावचे मास्तर विचारतात आणि जिची चाचणी घ्यायची ती आजी तर सगळ्यात आधी विचारते, "मले का येते बाई? मी त आंगठा लावनारी." तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

प्रश्न अगदी रास्त आहे. जगभर जी चाचणी सर्वांत जास्त वापरली गेली ती १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. एकूण ३० गुण. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करत जायचं, कागदावर लिहिलेली सूचना वाचून तसं करायचं, एक वाक्य लिहायचं, एकात एक अडकलेल्या दोन आकृत्या बघून काढायच्या. आता जिने आयुष्यभर विळा आणि खुरपं धरलं, पेन्सिल कधी धरलीच नाही, तिच्यापुढे हा कागद ठेवला तर तिचे गुण जाणारच. ते गुण विसरण्यामुळे गेले की शाळा न मिळाल्यामुळे, हे त्या कागदावरून कळत नाही.

ही अडचण आपल्याकडे फार आधी ओळखली गेली. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत भारत आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून काम केलं. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाचणीचं नुसतं भाषांतर केलं नाही, ती निरक्षर माणसासाठी नव्याने बांधली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. 'डोळे मिटा' हे वाचायला लावण्याऐवजी विचारणाऱ्याने स्वतः करून दाखवायचं आणि समोरच्याने तसंच करायचं. वाक्य लिहायला लावण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायला लावायचं. त्याच प्रकल्पात रोजच्या कामांची एक वेगळी प्रश्नावली तयार झाली. तिची उत्तरं म्हाताऱ्या माणसाने द्यायची नसतात, घरातल्या जवळच्या माणसाने द्यायची असतात. माझ्या मते या सगळ्या कामातली ही सर्वांत शहाणी गोष्ट.

एका आजीची गोष्ट सांगते तुम्हाला. आज तारीख काय, असं विचारलं तर म्हणाली, "तारीख मले का ठावूक, ते मास्तरले इचारा." मग स्वतःहूनच पुढे, "पोळा होऊन तीन रोज झाले. आज हरतालका, सुनेचा उपास हाये. उद्या गनपती बसते." तीनही गोष्टी बिनचूक. पऱ्हाटीला पात्या किती लागल्या, तुरीत निंदण कुठवर आलं, हेही तिने विचारल्याशिवाय सांगितलं. या बाईला दिवसाचं भान नाही असं कोण म्हणेल? आम्हाला सूचनाच असते की तिथी बरोबर सांगितली तर ती धरायची. (लक्षात ठेवायला देतो ते शब्द मात्र इथे लिहीत नाही. एका ओसरीवर म्हटलेले शब्द संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत पोचतात, आणि मग चाचणीला अर्थ उरत नाही.)

आता अवघड भाग. चाचणी निरक्षर माणसावर अन्याय करते हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की लहानपणी शाळा न मिळणं हा म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे डिमेन्शियाचा, एक धोका आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोके मांडले. ते सगळे दूर झाले तर जगातल्या जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंशाला आळा बसू शकेल किंवा तो लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. शिक्षण कमी मिळणं हा त्यातलाच एक. शिकताना मेंदूत जी जास्तीची जोडणी होते ती पुढे आजार सुरू झाल्यावरही काही काळ भार पेलते, असं मानतात. म्हणजे धाकट्या भावाला सांभाळायला जिला शाळेतून काढलं, तिचं नुकसान तेव्हाच संपलं नव्हतं. मला याचा राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

म्हणूनच आकडे वाचताना जपावं लागतं. बल्लभगडला ५५ वर्षांपुढच्या ५,१२६ माणसांना तपासलं, त्यांतली जवळपास तीन चतुर्थांश निरक्षर होती. ६५ च्या पुढच्या शंभर माणसांत दीड जणालाही स्मृतिभ्रंश आढळला नाही. जगातल्या सगळ्यात कमी आकड्यांपैकी हा एक. खेड्यातली माणसं या आजारापासून सुरक्षित आहेत, असं यावरून अनेकांना वाटलं. पुढे देशभरातल्या ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीचा एक भाग म्हणून स्मृतिभ्रंशाचा स्वतंत्र अभ्यास झाला. त्याचा २०२३ मध्ये आलेला अंदाज असा, की भारतात साठीच्या पुढच्यांत हे प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. शहरात ५.३ टक्के, खेड्यात ८.४. पुरुषांत ५.८, बायकांत ९. दोन्ही अभ्यासांचा काळ वेगळा, मुलूख वेगळा, पद्धत वेगळी, तेव्हा ते एकावर एक ठेवून मोजता येत नाहीत. पण खेड्यात हा आजार नसतोच, हे आता कुणी म्हणू नये.

तो नसल्यासारखा दिसतो याचं एक कारण मी रोज पाहते. भरलं घर असतं. म्हातारी विसरली तर सून हातातलं काम पुढे नेते, नातू चष्मा शोधून देतो. पैशाचा हिशेब तिच्याकडे नसतोच, मग चुकणार काय? एका घरी सासूबाईंनी माझ्या बहुतेक प्रश्नांना ठीक उत्तरं दिली. बोलणं गोड, चहाचा आग्रह. गुण काठावर होते. सून मला गोठ्याकडे घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, महालक्ष्म्यांचं सगळं याच करत. अवंदा मुखवटे बसवले अन् तशाच उभ्या राह्यल्या. आंबील कवा करायची, सोळा भाज्या कायच्या, काईच सुधरे ना." इतकी वर्षं जे हातांना पाठ होतं, तेच सुटलं होतं. त्या एका वाक्याला माझ्या अख्ख्या तक्त्यापेक्षा जास्त वजन होतं.

स्मृतिभ्रंशाचं सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर हा आजार. मेंदूच्या पेशींबाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी होतात. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये एका रुग्णाच्या मेंदूत ही दोन्ही लक्षणं दाखवली. नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग या आजाराच्या तावडीत लवकर सापडतो, त्यामुळे माहेरची विहीर आठवते आणि सकाळचं जेवण आठवत नाही. नुसत्या वयाने नाव पटकन सुचत नाही, पण नंतर सुचतं, आणि कामं अडत नाहीत. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून दोन्ही एकाच पारड्यात टाकणं मला मुळीच मान्य नाही.

खेड्यातल्या माणसाच्या बाजूनेही एक अभ्यास बोलतो. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादला स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण तपासले. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला. हा अभ्यास २०१३ चा. आमच्याकडे घरी कोलामी किंवा गोंडी, गावात वऱ्हाडी आणि बाजारात हिंदी बोलणारी किती म्हातारी माणसं आहेत! त्यांना अडाणी म्हणताना जरा थांबावं. पुढचं काम मात्र तेच ते माणूस वर्षानुवर्षं पुन्हा तपासूनच होईल. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात बंगळुरूचं मेंदू संशोधन केंद्र ग्रामीण लोकांसाठी तसं काम करत आहे. विदर्भातही तसं व्हावं, ही माझी मनापासूनची इच्छा.

तोवर घरच्यांनी काय करावं, हेही तुम्ही विचाराल. आधी कान तपासा, कारण ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? रक्तात ब-१२ आणि थायरॉइड बघून घ्या, त्यांच्या बिघाडाने होणारं विसरणं पुष्कळदा औषधाने सुधारतं. मन उदास असलं तरी माणूस विसरतो, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि दवाखान्यात नेताना एक करा. बहुतेक वेळा म्हातारीला मुलगा घेऊन येतो, तो दिवसभर शेतात असतो, 'विसरते थोडी' याच्यापुढे त्याला सांगता येत नाही. चुलीजवळ जी तिच्यासोबत असते ती सून घरी राहते. तिला सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर आधी तिला बोलू द्या.