आमची वाटचाल : उसाच्या ट्रॉलीपासून रुळावरच्या सायकलीपर्यंत

लातूरच्या एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्या, गोदामाचे शेड, शाळांची गेटं हेच वर्षानुवर्षांचं काम. रुळावरच्या सायकलीचं वेड लागलं ते दक्षिण कोरियातल्या जोंगसनमुळे. तिथल्या बंद पडलेल्या कोळशाच्या रेल्वेमार्गावर २००५ पासून पर्यटक पेडल मारत ७.२ किलोमीटर जातात.

आपल्या बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेचे रूळ निघाले, आणि रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं गुन्हा. म्हणून कृषी पर्यटन केंद्राच्या स्वतःच्या जागेत आपणच रूळ टाकायचे, असं ठरलं. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बार्शी लाईटचंच, ७६२ मिलिमीटरचं, घ्यावं अशी फार इच्छा होती. वडील त्याच गाडीनं कुर्डूवाडीला जायचे. पण दोन सीट शेजारी-शेजारी असल्या की एकजण उतरताना सगळा भार एका बाजूला येतो. अरुंद रुळावर तोल जायची भीती. शेवटी एक मीटरचं मीटर गेज घेतलं.

खरा कस लागला ब्रेकला. रस्त्यावर कोणी आडवं आलं तर हॅन्डल वळवता येतं, इथे ती सोयच नाही. त्यात लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड मुळात कमी. पाणी, पालापाचोळा पडला की आणखी कमी. चाचणीला एका सीटवर आमचा वेल्डर आणि दुसरीवर सोयाबीनची पोती बांधली. कॅननं रूळ भिजवले. ब्रेक लावायच्या जागी स्लीपरवर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्टीवर, चुन्याची रेघ मारली आणि गाडी थांबली तिथपर्यंत टेप धरला. दोन गाड्यांमध्ये किती अंतर ठेवायचं ते आम्ही या ओल्या रुळाच्या मापावरूनच ठरवतो, कोरड्याच्या नाही.

ब्रेकची रचनाही उलटी केली. लिव्हर दाबून धरलं तरच चाक मोकळं. हात सुटला की स्प्रिंग आपोआप ब्रेक लावते. घाबरलेलं माणूस आधी हात सोडतं. चेनला चारही बाजूंनी पत्र्याचं कव्हर आहे, कारण आपल्याकडे साडीचा पदर आणि ओढणी धरूनच विचार करावा लागतो. उन्हाळ्याचंही तसंच. १३ मीटरचा रूळ ३० अंशांनी तापला तर जवळपास ५ मिलिमीटर वाढतो, त्यामुळे दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटच्या सांध्यात फट सोडावीच लागते.

एका पार्टीला मजा यावी म्हणून मोठा उतार हवा होता. उतारावर पेडल न मारता वेग वाढत जातो आणि पुढची गाडी उभी असेल तर धडक ठरलेली. आम्ही नाही म्हटलं. ऑर्डर गेली, वाईट वाटलं. तरी आजही तेच उत्तर देऊ.

सध्या औशाकडच्या एका केंद्राचं काम चालू आहे. करारात एक अट आम्ही आग्रहानं घातली आहे : पाऊस सुरू झाला की गाड्या उभ्या करायच्या आणि तिकिटाचे पैसे परत द्यायचे.