टर्फचं काय, मुरमाचं बोला

सोलापुरात टर्फवाल्याला, म्हणजे कृत्रिम हिरवळ बसवणाऱ्याला, फोन लावला की पहिला प्रश्न येतो, ‘किती स्क्वेअर फूट?’ आणि दुसरा, ‘गडद हिरवा का फिका?’ खाली माती कुठली, हे विचारणारा मला तरी भेटला नाही. आमच्या परसात तीन फूट काळी माती. पोरांच्या बॉक्स क्रिकेटसाठी टर्फ अंथरून, चिकटवून, वाळू भरून दोन दिवसांत झालं. त्याखालच्या मुरमाने सात आठवडे खाल्ले.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पाडून आक्रसते. टर्फ त्याने फाटत नाही, पण एका कोपऱ्यात तळं, दुसरीकडे उंचवटा होतो, चेंडू भलतीकडे उसळतो आणि जोड सुटायला लागतात. ‘चार इंच पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) मारा, विषय संपला’ असं सांगणारे बरेच भेटतात. तसलं पातळ काँक्रीट या मातीवर तडकतं. माती उपसून न फुगणाऱ्या मुरमाचा थर घालणं हा खरा उपाय. न फुगणाऱ्या मातीचा थर घालण्याची कल्पना आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी शास्त्रशुद्ध मांडलेली आहे.

शंका असेल तर सुकी माती कुटून बारीक चाळा. १० ग्रॅम पाण्याच्या आणि १० ग्रॅम रॉकेलच्या नळकांड्यात टाकून दिवसभर ठेवा. पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा दीडपट झाली, तर कमी खोदून भागणार नाही. (रॉकेल मिळवणं हा हल्ली वेगळाच उद्योग आहे.)

आम्ही दीड फूट खोदलं. ४० फूट बाय १९ फूट ४ इंच, म्हणजे जागेवर साडेअकरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). उकरल्यावर तीच माती पंधराच्या आसपास भरते. बोळ चार फुटी असेल तर जेसीबी विसरा आणि घमेली मोजा. माती कुठे टाकायची ते खोदण्याआधी ठरवा.

आता मुरूम. १२ इंच दाबलेल्या थराला सैल मुरूम दहा ब्रास लागतो. पहिला टिपर आला तो पिवळसर, मातकट. ड्रायव्हरचं एकच पालुपद, ‘मुरूम म्हंजे मुरूमच की ओ.’ नाही. मूठभर बारीक मुरूम ओला करून तळहातावर वळा. शेवयांपेक्षा थोडी जाड, ३ मिलिमीटरची वळी न तुटता झाली तर त्यात चिकण माती आहे, टिपर परत पाठवा. चांगला मुरूम वळी होण्याआधीच तुटतो. आम्ही दोन टिपर परत पाठवले, आणि दर वेळी पुढची खेप आठवडाभर लांबली. म्हणून चाचणी टिपर ओतायच्या आधी, खाणीवर जाऊनच करा. एकदा परसात ढीग पडला की तो तुमचा.

मुरूम थेट काळ्या मातीवर टाकू नये. मध्ये २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड हवं, नाहीतर पावसाळ्यात चिखल मुरमात वर चढतो. मग सैल असताना पाच इंच असे तीन थर. पहिला दाबून झाल्याशिवाय दुसरा नाही. ठेकेदार दहा ब्रास एकदम पसरून वरून प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायला निघाला होता. त्या यंत्राचा जोर फार खोल पोचत नाही. वरून फरशीसारखं दिसतं, खाली भुसभुशीत राहतं. हाताने चालवायचा एक टनी रोलर भाड्याने मिळतो, बोळातून मावतो का ते आधी मोजा. पाणी इतकंच की मुरमाचा मुठीत गोळा व्हावा, पण हात ओला होऊ नये. नळाच्या भरवशावर राहू नका, टँकर सांगून ठेवा.

वेळ साधा दिवाळी ते जानेवारीतली गड्ड्याची जत्रा. मे महिन्यात भेगाळलेल्या मातीवर भराव घातला तर सप्टेंबरच्या पावसात तो उचलला जातो.

उतार मुरमालाच द्यायचा, एकाच बाजूला, शंभराला एक, म्हणजे आमच्या रुंदीला सव्वादोन इंच. टर्फची भोकं पाणी खाली सोडतात, पण ते वरच्या खडीत साचलं तर खाली हौदच तयार होतो. म्हणून खालच्या कडेला भोकांचा पाइप घालून पाणी बाहेर काढा. मुरमावर चार इंच खडी, तिच्यावर दोन इंच स्टोन डस्ट (दगडाचा चुरा). तीन मीटरच्या पट्टीखाली कुठेही ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको.

१९ फूट ४ इंच का, तर रोल २ मीटर रुंद येतो आणि जोडाच्या कडा छाटाव्या लागतात. तीन रोलमध्ये ५.९ मीटर नीट बसतं. पूर्ण २० फुटांचा हट्ट धरला तर आठ इंचांसाठी चौथा रोल. सगळ्या रोलची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, नाहीतर पट्टे वेगवेगळ्या रंगांचे दिसतात. दोन भाग मिसळून वापरायचा पीयू (पॉलियुरेथेन) गोंद उन्हात लवकर घट्ट होतो, तो सकाळीच लावा. वाळू गोल दाण्यांची, कोरडी सिलिका. क्रशरची टोकदार वाळू पाती आणि गुडघे दोन्ही सोलते. ४० मिलिमीटरच्या टर्फला चौरस मीटरमागे १५ किलो धरून आम्हाला ५० किलोची २२ पोती लागली. ती एकदम न ओतता तीनदा, पाती झाडून उभी करत.

राहिलंच, जाळीच्या खांबांचे खड्डे मुरमाच्या आधी घ्या. खाली रुंद, वर अरुंद, म्हणजे फुगणारी माती खांब वर ढकलणार नाही.

एप्रिल-मेमध्ये दुपारी टर्फवर अनवाणी पाय ठेववत नाही. पाणी मारलं तरी ते वाळेपर्यंतच आराम. खेळ सूर्य कलल्यावर. आणि धुण्याच्या दगडाचं पाणी कडेच्या मातीत मुरू देऊ नका, तेवढाच कोपरा फुगतो. आमचं अजून तिकडेच जातंय. नळी आणून ठेवली आहे.