उलटा एस

मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात ठसे कोरून छाप काढायच्या कार्यशाळेला ‘तायेर’ म्हणतात. अशाच एका तायेरात शिरले तेव्हा एक बाई एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या, फळीवर ओणवी होऊन इंग्रजी एस कोरत होती. उलटा. ठशासाठी सगळंच आरशातल्यासारखं उलटं कोरावं लागतं, हे मला कॉलेजात लिनोचे, म्हणजे मऊ लिनोलियमचे, ठसे कापल्यापासून ठाऊक होतं. पण तिथे आम्ही पानंफुलं कापायचो. इथली ओळ होती: ‘जिवंत नेलं त्यांना, जिवंतच परत हवेत.’ २६ सप्टेंबर २०१४ च्या रात्री इगुआला शहरात आयोत्सिनापाच्या शिक्षक विद्यालयातली मुलं पोलिसांनी अडवली, आणि ४३ जण गायब झाले. त्यांच्या आईबापांच्या मोर्च्यांत ही घोषणा दिली जाते.

व्ही आणि ओ उलटे केले तरी तसेच दिसतात, त्यांचा त्रास नाही. एस मात्र हात फसवतो. स्पॅनिशमधल्या त्या ओळीत सहा एस आहेत, मी मोजले. प्रत्येकापाशी ती थांबायची, हवेत बोट फिरवून बघायची, मगच पटाशी लावायची. भिंतीवर एक जुना छाप होता, त्यात एक एस उलटाच उमटला होता. मी त्याकडे बघतेय हे पाहून ती म्हणाली, तो तसाच गावभर लावला, कारण मोर्चा दुसऱ्या दिवशी होता.

भिंतींवर छाप लावायचं हे सगळं इथे २००६ पासूनचं. शिक्षक संघटनेच्या २२ व्या शाखेने शहराच्या मुख्य चौकात, सोकालोत, ठाण मांडलं होतं. १४ जून २००६ च्या पहाटे पोलीस अश्रुधूर घेऊन त्यांना हुसकवायला आले. त्यानंतर शहर महिनोन्‌महिने पेटलेलं राहिलं, आणि त्यातूनच चित्रकारांची ‘आसारो’ ही संघटना उभी राहिली. ‘आसारो’ हे लघुरूप, पूर्ण नावातच ‘सभा’ हा शब्द आहे, गावच्या सभेसारखं सगळ्यांनी मिळून ठरवायचं म्हणून. छाप कुणा एकाच्या नावाने नाही, संघटनेच्या नावाने निघायचे. मी ज्या तायेरमध्ये गेले तो वेगळा, लहान, पण रीत तीच. मी एक प्रत घेतली आणि सवयीने सही मागितली. तिने खाली गटाचा रबरी शिक्का मारून दिला. मला ते मनापासून पटलं. पोलिसांच्या भीतीने सही टाळली असेल, असं आधी मला वाटलं होतं. तेवढंच नाही ते. फळी एकाने कोरलेली असते, शाई दुसऱ्याने लावलेली, आणि रात्री भिंतीवर चढणारा तिसराच असतो.

जाड कागदावरचे छाप आमच्यासारख्या पाहुण्यांना विकतात, त्या पैशातून भिंतीसाठी पातळ कागद येतो. कुणी याला तडजोड म्हणेल. मला नाही वाटत तसं. शाई फुकट मिळत नाही.

मोठी फळी प्रेसमध्ये मावत नाही, म्हणून कागद वर पसरून लाकडी चमच्याने पाठीमागून घासतात. मलाही एक कोपरा दिला होता. हात भरून येतो. कागद मात्र तिनेच उचलला, दोन्ही कोपरे धरून, अगदी सावकाश, आणि सहाही एस सुलटे निघाले.

संध्याकाळी मागच्या खोलीत खळ शिजत होती. कणीक आणि पाणी, गाठी होऊ नयेत म्हणून एक मुलगा सारखा ढवळत होता. भिंतीला खळ लावायची, कागद बसवायचा आणि वरूनही खळीचा एक हात द्यायचा. मग कागद सोलून निघत नाही, खरवडावा लागतो. आणि खरवडायला वेळ लागतो, तेवढ्यात चार माणसं वाचून जातात, असं तो म्हणाला.

दहाच्या सुमाराला ते निघाले. शिडी त्याच्याकडे, गुंडाळी तिच्याकडे. मी विचारायच्या आधीच खळीची बादली माझ्या हातात आली.