कीटो आणि सेमिनरी हिल्सचा चढ

आज सकाळी नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या चढावर आमच्या ग्रुपमधला एक धाकटा मित्र सारखा मागे पडत होता. बरेच दिवस झाले, तो कीटोवर आहे, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी आणि चरबी भरपूर असा आहार. पोळी, भात, तर्री-पोहे बंद. तूप, पनीर, अंडी चालू. म्हणाला, "दादा, सपाटीवर कितीही वेळ धावतो, पण वेग वाढवला की पायात जीवच राहत नाही."

तो म्हणतो ते शरीरशास्त्राला धरूनच आहे. कर्बोदकं खाणं अगदी कमी केलं की काही आठवड्यांत शरीर कितीतरी जास्त चरबी जाळायला लागतं. मला तर हे थक्क करणारं वाटतं! पण तेवढ्याच ऊर्जेसाठी चरबीला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि जोरात धावताना नेमका तोच अपुरा पडतो. ऑस्ट्रेलियाच्या लुईस बर्क आणि सहकाऱ्यांनी अव्वल दर्जाच्या वेगचाल खेळाडूंवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन आठवड्यांच्या कसून सरावानंतर भरपूर कर्बोदकं खाणाऱ्यांची १० किलोमीटरची वेळ सुधारली. चरबीवर राहिलेल्यांची नाही, चरबी विक्रमी जाळूनही.

वजन कमी करायचं असेल तर त्याने खुशाल कीटो करावं. (मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचाराच, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.) पण त्याला १० किलोमीटरची वेळ सुधारायची आहे. म्हणून त्याला सांगितलं, भात परत सुरू कर बाप्पा, आणि पुढच्या रविवारी तोच चढ पुन्हा धावू.