बुधवारी स्टॉक, शुक्रवारी ग्रेव्ही

थँक्सगिव्हिंग, म्हणजे टर्की भाजून खाण्याचा अमेरिकेतला सण, नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येतो. १९४१ साली अमेरिकेच्या काँग्रेसने तसा कायदाच करून ठेवलाय. कायदा करताना मार्गशीर्षातल्या गुरुवारांचा विचार कुणी केला नव्हता, हे उघडच आहे. २०२५ मध्ये २७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकाच दिवशी आले. न्यू जर्सीतल्या आमच्या घरी त्या दिवशी कलश, डहाळे, पूजा आणि सासूबाईंचा उपास. म्हणून टर्की शुक्रवारी. इथल्या ओळखीच्या आणखी काही मराठी घरांत असंच चालतं. बुधवार, शुक्रवार, रविवार हे सामिष वार साता समुद्रापलीकडेही सुटत नाहीत.

त्या वर्षी टर्कीची पाळी आमच्याकडे होती, बाराजण जेवायला. टर्की भाजण्याची मला फारशी धास्ती नव्हती. ती ओव्हनमध्ये आपली आपण होते, थर्मामीटर खुपसून बघायचं एवढंच. धास्ती ग्रेव्हीची, म्हणजे कापांवर ओतायच्या दाट रश्श्याची. टर्की हा मुळात कोरडा पक्षी. मांडीचं मांस त्यातल्या त्यात रसाळ, पण छातीचे काप नुसते खायला घेतले तर दुसऱ्या घासाला पाणी मागावं लागतं. काप, मॅश्ड पोटॅटो, पावाच्या तुकड्यांचं स्टफिंग या सगळ्यांना एकत्र आणते ती ग्रेव्ही. दुकानात ती बरणीत मिळते, पाकिटात पूडही मिळते. दोन्हींत मीठ भरपूर आणि चव पिठाची, हे माझं स्पष्ट मत आहे.

ग्रेव्हीच्या बहुतेक कृती सांगतात की टर्की बाहेर काढा आणि ट्रेमधल्या रसाची ग्रेव्ही करा. ऐकायला सोपं आहे. पण तो रस निघतो किती हे आधी कळत नाही, आणि ग्रेव्ही करायची ती नेमकी पाहुणे ताटं घेऊन उभे असताना. वार बदलल्यामुळे मला मधे एक अख्खा दिवस मिळत होता. तेव्हा ठरवलं, ग्रेव्हीचा जीव बुधवारीच तयार करून ठेवायचा आणि शुक्रवारच्या रसाने तिला फक्त शेवटची चव द्यायची.

नोव्हेंबरात इथल्या दुकानांत टर्कीचे पंख वेगळे मिळतात, स्वस्तही असतात. तीन पाउंड पंख आणले, म्हणजे साधारण एक किलो चारशे ग्रॅम. ४०० फॅरनहाइटला सव्वा तास भाजले. नुसते सोनेरी होऊन भागत नाही, चांगले गडद तपकिरी व्हायला लागतात. ग्रेव्हीचा रंग आणि अर्धी चव इथेच ठरते, पुढे कितीही उकळलं तरी ती भर निघत नाही. सोबत सालासकट अर्धे कापलेले कांदे, गाजर आणि सेलरी. कांद्याच्या सालानेही रंग छान येतो. रंगासाठी बाटलीतलं तपकिरी पाणी विकत मिळतं, त्याची गरजच पडली नाही.

पंख पातेल्यात काढल्यावर ट्रेच्या तळाशी काळपट तपकिरी थर राहिला होता. तो घासायला सिंकमध्ये टाकणं म्हणजे चव नळाखाली सोडून देणं. ट्रेमध्ये गरम पाणी ओतलं आणि लाकडी उलथन्याने सगळं खरवडून तेही पातेल्यात घातलं. वर तीन लिटर पाणी, दहाबारा मिरीचे दाणे, एक तमालपत्र, थाइमच्या दोन काड्या. मीठ अजिबात नाही. मग तीन तास मंद आचेवर. खळखळ उकळू द्यायचं नाही, अधूनमधून एखादा बुडबुडा आला की पुरे. जोरात उकळलं तर चरबी पाण्यात मिसळून हा अर्क, म्हणजे स्टॉक, गढूळ आणि तेलकट होतो. शेवटी गाळून पसरट डब्यांत भरला आणि वाफ जिरल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवला. अशी भांडी रात्रभर ओट्यावर राहता कामा नयेत.

गुरुवारी काहीच करायचं नव्हतं. सासूबाईंची अट एवढीच, की "ते सगळं झाकून एकदम खालच्या कप्प्यात ठेव." कच्चं मांस खालच्या कप्प्यात ठेवावं, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या अन्नावर गळत नाही, असं इथले अन्नसुरक्षावालेही सांगतात. सोवळं आणि शास्त्र यांचं एवढ्यापुरतं एकमत. सोमवारपासून बर्फ सुटायला ठेवलेली बारा पाउंडांची टर्की तिथेच खोल ताटात होती. गोठलेल्या टर्कीला फ्रिजमध्ये दर चार-पाच पाउंडांमागे एक दिवस लागतो.

शुक्रवारी सकाळी डबा उघडला तर स्टॉक थरथरणाऱ्या जेलीसारखा गोठलेला आणि वर चरबीचा पांढरा थर. पंखांत कातडी आणि सांधे जास्त, त्यांतून जिलेटिन उतरतं, म्हणून तो असा गोठतो. पुढे ग्रेव्हीला अंग येतं तेही त्याच्यामुळेच. चरबी चमच्याने उचलून वाटीत ठेवली. टर्कीच्या पोटातून पुडी निघाली, त्यात मान, हृदय, पेटा आणि कलेजी. कलेजी सोडून बाकी सगळं स्टॉकमध्ये उकळायला टाकलं. कलेजीने स्टॉक कडवट होतो. ती मिरी लावून लोण्यात परतली आणि नवऱ्याने ओट्यापाशी उभ्या उभ्याच संपवली.

टर्की ३२५ला सुमारे तीन तास. ट्रेमध्ये सुरुवातीलाच कांदा आणि दोन कप पाणी घातलं होतं, नाहीतर गळणारा रस कोरड्या पत्र्यावर जळतो आणि मग ग्रेव्ही कडू. मांडीच्या जाड भागात १६५ फॅरनहाइट दिसल्यावर टर्की बाहेर काढून झाकून ठेवली. कापण्याआधी तिला अर्धा तास तरी बसू द्यावं लागतं. ग्रेव्हीची वेळ हीच.

ट्रेमधला रस तळाशी तोटी असलेल्या जगमध्ये ओतला. चरबी वर तरंगते आणि खालचा रस तोटीतून वेगळा निघतो. असा जग नसेल तर उंच पेला आणि डाव चालतो. जाड बुडाच्या पातेल्यात बुधवारची आणि आजची मिळून अर्धा कप चरबी आणि अर्धा कप मैदा, सहा कप स्टॉकला. म्हणजे कपाला सव्वा-दीड मोठा चमचा. मैदा चरबीतच परतायचा. तो थेट उकळत्या स्टॉकमध्ये टाकला तर प्रत्येक गोळ्याचं बाहेरचं पीठ क्षणात फुगतं, आतलं कोरडं राहतं, आणि ती गुठळी मग फुटत नाही. चरबीत परतलेले कण सुटे राहतात.

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या त्या याच वेळी. मी घड्याळाकडे बघत होते, कृतीत पाच मिनिटं लिहिली होती. त्या म्हणाल्या, "घड्याळ काय बघतेस, वास घे. अजून कच्चा आहे." लाडवाचं बेसन भाजताना त्या जशा मान किंचित तिरकी करून वास घेतात, तशाच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "हं, आता घाल." पातेल्यातला रंग तेव्हा फिकट बदामी होता. आणखी भाजलं असतं तर चव खमंग झाली असती, पण भाजताना पिठातला स्टार्च मोडतो आणि दाटपणा कमी होतो. ती देवघेव आपल्या आवडीने करायची. मला दाट हवी होती.

पहिला डावभर गरम स्टॉक घातला की सगळं आक्रसून गोळा होतं. ते बघून सासूबाई म्हणाल्या, "बिघडलं का गं?" बिघडलेलं नसतं. व्हिस्कने हलवत राहिलं आणि दुसरा, तिसरा डाव घातला की सैल होतं. मग उरलेला स्टॉक आणि शेवटी ट्रेचा रस. दाटपणाचा अंदाज उकळी आल्याशिवाय घेऊ नये, मैद्याचा पूर्ण जोर उकळीजवळच लागतो. त्यानंतर दहा मिनिटं मंद आच.

मीठ सगळ्यात शेवटी. इथल्या बऱ्याच गोठवलेल्या टर्कींत कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, वेष्टनावर बारीक अक्षरांत त्याची टक्केवारी दिलेली असते. तो खारटपणा रसात उतरतो. माझ्या ग्रेव्हीला चिमूटभरच मीठ लागलं. वर ताजी मिरीपूड आणि एक छोटा चमचा ॲपल सायडर व्हिनेगर. व्हिनेगरची चव कळत नाही, चरबीचा जडपणा मात्र उतरतो.

एका मैत्रिणीने फोनवर सुचवलं होतं, "थोडा गरम मसाला टाक गं, नाहीतर कोण खाणार!" मसाला लावायचाच असेल तर टर्कीला लावावा. ग्रेव्हीत भाजलेल्या मांसाची, कांद्याची, मिरीची चव पुढे यायला हवी, गरम मसाला त्या सगळ्यावर कुरघोडी करतो. झणझणीत हवं त्यांच्यासाठी क्रॅनबेरी सॉसशेजारी ठेचा ठेवला होताच, आणि ती जोडी खरंच फक्कड लागते.

शाकाहारी मंडळींसाठी दुसरी ग्रेव्ही. लोण्यात मश्रूम पाणी आटून तपकिरी होईपर्यंत परतले, सुके शिटाके भिजवलेलं पाणी आणि थोडा सोया सॉस घातला, दाटपणाला लोण्यात भाजलेला मैदा. पातेलं, डाव, जग सगळं वेगळं, आणि जगावर ठळक चिठ्ठी. दोन्ही ग्रेव्ही तपकिरी दिसतात, त्यामुळे चिठ्ठीत आळस करायचा नाही.

ग्रेव्ही थंड झाली की दाट होते आणि वर साय धरते. म्हणून ती थर्मासमध्ये भरली. घरातल्या जुन्या थर्मासला आल्याच्या चहाचा कायमचा वास असल्याने नवा आणला. त्यातून दुसऱ्या वाढपालाही ती वाफाळती निघाली. छातीचे काप सगळे संपले, त्याचं श्रेय मी टर्कीला देणार नाही.

उरलेली ग्रेव्ही फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. गोठवलेली ग्रेव्ही गरम करताना थोडी फुटल्यासारखी दिसते, व्हिस्कने हलवली की परत एकजीव होते. आमच्याकडे ती वेळच आली नाही. रविवारी दुपारी सासूबाईंनी तिच्यात पाणी घालून ती सैल केली, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी ओतली आणि भाताबरोबर वाढली. मी काही बोलले नाही. दोनदा भात घेतला.