जूनटीन्थ, ह्यूस्टन

आज इमॅन्सिपेशन पार्कात जूनटीन्थला, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गुलामीतून सुटकेच्या सणाला, गेलो होतो. ऊन म्हणजे नुसता वैशाख वणवा, पण गर्दी हटायला तयार नाही. लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. टेक्सासात मात्र तो हुकूम जाहीर झाला १९ जून १८६५ ला, जनरल ग्रँजर सैन्य घेऊन गॅल्व्हेस्टनला पोचला तेव्हा. सैन्य दारात आल्याशिवाय मालक कसले ऐकतात!

आणि ही बाग? १८७२ मध्ये गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांनी, पाद्री जॅक येट्स वगैरेंच्या पुढाकाराने, वर्गणी काढून ही १० एकर जमीन घेतली. कशासाठी, तर हाच सण हक्काच्या जागी साजरा करायला.

ब्रिस्केटच्या (धुरावर शिजवलेल्या गोमांसाच्या) रांगेत पुढे एक आजी होत्या, हातात लालभडक सरबत. आज लालच प्यायचं, पूर्वजांनी सांडलेल्या रक्ताची आठवण, म्हणाल्या. मी त्यांना जोतीरावांबद्दल सांगितलं: १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अर्पण केली गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. आजींनी लगेच नातवाला फोन काढायला लावला, नाव लिहून घेतलं. वर मला दम, “बोलत बसलास तर रांग जाईल!”